रात्री साप चावला तर?
तायांनो, पुढच्या मासिक बैठकीत हप्ते गोळा करायच्या आधी हा प्रश्न घ्या. 108 ला फोन करायचा, गाडी मोफत येते, हे बहुतेकींना माहीत आहे. पण पत्ता काय सांगणार? 'मारुतीच्या देवळामागे' म्हटलं तर तशी देवळं गावोगावी आहेत! वस्ती, गाव, तालुका, जिल्हा आणि डांबरी रस्त्यावरची एक ठळक खूण कागदावर लिहून भिंतीला लावा. फाट्यावर बॅटरी घेऊन कोण थांबेल, तेही ठरवा. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी 102 आहे.

खरं काम पुढेच आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरचं इंजेक्शन आहे का? रात्री डॉक्टर असतात का? नसतील तर थेट ग्रामीण रुग्णालयात जायचं का? आशाताईंना सोबत घेऊन हे आत्ताच विचारून या. तिथे पोचेपर्यंत चावलेला हात-पाय हलवू द्यायचा नाही, जखम कापायची नाही, करकचून बांधायचं नाही. मांत्रिकाकडे तर नाहीच.

108 ची गाडी यायला उशीर असेल तर गावातली जीप. तिच्या डिझेलचे पैसे गटाच्या बचतीतून रात्रीच देता यावेत, असा ठराव आधीच लिहून ठेवा. रक्कमही ठरवा. बाकीच्या सह्या सकाळी होतील.