नल्लकुंट्यातली लेक, दर्यातला नाखवा : कुणाला कुठलं रिचार्ज?

मंडळी, घरात तीन फोन असले की आपण दुकानात जाऊन सांगतो, "तिघांना तेच मार." पैसे तिथंच वाया जातात. आज एका घराचा हिशोब करून बघू.

समजा, नाखवा बोटीवर असतो. आई घरी, तिच्याकडे बटणाचा फोन. लेक हैदराबादला नल्लकुंट्यात खोली घेऊन उस्मानिया विद्यापीठात शिकते. तिघांची गरज वेगळी, मग प्लान एकच कशाला?

१. आधी रेंज, मग रेट

स्वस्त सिम घेतलं आणि रेंजच नाही, तर ते फुकट मिळालं तरी महागच. कंपन्यांच्या वेबसाइटवर नेटवर्कचे नकाशे असतात, ते बघा. पण दर्यासाठी खरी माहिती आपल्याच बंदरातल्या दोन-तीन तांडेलांकडे मिळेल. कुठल्या कंपनीची रेंज किती वावापर्यंत टिकते, ते त्यांना विचारा. टॉवर किनाऱ्यावर असतो, त्यामुळे बोट जशी बाहेर जाते तशी रेंज तुटतेच. बोटीवर दोन वेगळ्या कंपन्यांची सिम असलेली बरी : एकावर नेट, दुसऱ्यावर फक्त कॉल.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मोबाईल म्हणजे जीव वाचवायचं साधन नव्हे. रेंजबाहेर व्हीएचएफचा चॅनल १६ कामाला येतो. रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर फोनमध्ये सेव्ह असू द्या.

२. नेट लागत नसेल तर नेटचे पैसे देऊ नका

आईला फक्त फोन येतात आणि बँकेचा ओटीपी येतो. रोज दीड-दोन जीबी नेट तिच्या काय कामाचं? डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं नियम बदलला. फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लान ठेवणं कंपन्यांना बंधनकारक झालं आणि अशा प्लानची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवता येऊ लागली. जानेवारी २०२५ मध्ये एअरटेलचा असा प्लान ८४ दिवसांना ४६९ आणि ३६५ दिवसांना १,८४९ रुपये होता. जिओचा ८४ दिवसांना ४४८ आणि ३३६ दिवसांना १,७४८. रेट बदलत असतात, म्हणून आजचा रेट विचारूनच घ्या. दुकानदार हे प्लान आपणहून सांगेलच असं नाही, तेव्हा तोंडानं मागा.

मात्र आई मासळी विकून फोनवर पैसे घेत असेल, तर हा प्लान तिच्यासाठी नाही. तिला नेट लागणारच.

३. किंमत भागिले दिवस

१,८४९ ला ३६५ नं भागलं की दिवसाला साधारण ५ रुपये ७ पैसे. ४६९ ला ८४ नं भागलं की ५ रुपये ५८ पैसे. कुठलाही प्लान असाच तपासा. २८ दिवस म्हणजे महिना नव्हे, त्यात वर्षाला १३ रिचार्ज होतात. २०२२ पासून प्रत्येक कंपनीला किमान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला रिचार्ज करायचा प्लान ठेवावा लागतो.

आता बोटीच्या फोनचं बघा. १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस मासेमारी बंद. मे महिन्यात ८४ दिवसांचं मोठं नेट मारलं, तर त्यातले बरेचसे दिवस बोट शाकारलेलीच असणार. मे अखेरीस संपेल असा प्लान घ्या, बंदीत कमी खर्चाचा ठेवा आणि ऑगस्टला पुन्हा नेट सुरू करा.

४. नंबर बदलू नका, कंपनी बदला

लेकीला नल्लकुंट्यात नवीन नंबर घ्यायची गरज नाही. आधार, बँक, शिष्यवृत्ती सगळं जुन्या नंबरला जोडलेलं असतं. तिच्या खोलीत रेंज येत नसेल, तर आधी शेजारच्या मुलींना विचारावं कुठली कंपनी चालते, आणि तोच नंबर पोर्ट करावा. जुलै २०१५ पासून राज्य बदललं तरी नंबर तोच ठेवता येतो. इंग्रजीत पोर्ट लिहून, जागा सोडून, आपला नंबर १९०० वर एसएमएस करायचा. कोड येतो, तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. त्या कंपनीत ९० दिवस झालेले असावे लागतात. उरलेले दिवस आणि बॅलन्स नव्या कंपनीत येत नाहीत, म्हणून प्लान संपत आला की पोर्ट करा. खोलीत वायफाय असेल तर मोठ्या नेटचा प्लानही नको.

५. बंदीत नंबर मरू देऊ नका

हातात पैसा नसला की रिचार्ज राहून जातं. नंबर बंद पडला की ओटीपी बंद. डिझेल परताव्याची रक्कम खात्यात आली तरी कळत नाही. बंद झालेला नंबर पुढे दुसऱ्या माणसालाही दिला जातो, आणि मग आपल्या बँकेचे मेसेज त्याच्या हातात. म्हणून बँकेला जोडलेल्या नंबरवर सगळ्यात आधी रिचार्ज करा, बाकीचे नंतर. नंबर बदलावाच लागला, तर पहिल्यांदा बँकेत जाऊन नवीन नंबर नोंदवा, मगच जुनं सिम सोडा.

आज संध्याकाळी घरातल्या प्रत्येक फोनची प्लान संपायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढचं रिचार्ज त्या माणसाची गरज बघून करा.