तक्रार लेखी कर

चि. सायली,



ताईकडून सगळं कळलं. रविवारी तू मोबाइलवरून आयएमपीएसनं तिच्या खात्यावर बेचाळीस हजार पाठवलेस, तुझ्या खात्यातून ते तत्क्षणी वजा झाले, आणि आठवडा होत आला तरी तिच्या खात्यावर जमा नाहीत. ज्या ऑपरेशनसाठी ते पाठवले होतेस, त्याची रक्कम मी इस्पितळात भरली आहे, तेव्हा ती घाई डोक्यातून काढून टाक. पण ताई पुढे म्हणाली, "सायली म्हणते, कशाला भांडत बसायचं, येतील आपोआप." हे मात्र मला पटलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

तू तीनदा कस्टमर केअरला फोन केलास आणि एकदा शाखेत जाऊन आलीस. दोन्हीकडे "दोन-तीन दिवस थांबा" असं ऐकून परतलीस. यातलं काहीच बँकेच्या दप्तरात तक्रार म्हणून नोंदलेलं नसण्याची शक्यता फार मोठी आहे. बँकेतल्या नोकरीतली बरीच वर्षं मी तक्रारींच्याच टेबलावर काढली. माणसं घाम पुसत यायची, महिनाभर कोणाकोणाला सांगितलं ते सांगायची, आणि तक्रार क्रमांक विचारला की गप्प व्हायची. तोंडी सांगितलेलं बँक विसरते. लेखी दिलेल्याचं उत्तर तिला द्यावंच लागतं, आणि त्या उत्तराची मुदत अर्ज दिल्या तारखेपासून मोजली जाते. तुझी तारीख अजून सुरूच झालेली नाही, म्हणून मला घाई आहे.

आधी पैसे अडकतात कुठे ते समजून घे, म्हणजे कोणाला काय विचारायचं ते कळेल. तू बटण दाबलंस की तुझी बँक रक्कम वजा करते, बँकांना जोडणाऱ्या एनपीसीआयच्या यंत्रणेतून ताईच्या बँकेला निरोप जातो, तिथून "जमा केले" किंवा "जमा होत नाहीत" असं उलट उत्तर यायचं असतं. कधी हे उत्तर वेळेत येतच नाही. मग व्यवहार धड यशस्वीही नसतो आणि फसलेलाही नसतो, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही बँकांचे हिशेब ताडून पाहिले जातात तेव्हा त्याचा निकाल लागतो. ताईचं खातं नागरी सहकारी बँकेत आहे. अशा बऱ्याच छोट्या बँका एखाद्या मोठ्या बँकेमार्फत या यंत्रणेला जोडलेल्या असतात, म्हणजे निरोपाच्या वाटेत आणखी एक टप्पा. शाखेतल्या काउंटरवर बसलेल्या मुलीला यातलं काहीच दुरुस्त करता येत नाही. तिच्या पडद्यावर फक्त "डेबिट" दिसतं. तिच्यावर आवाज चढवू नकोस. तिच्याकडून अर्जावर शिक्का, सही आणि तारीख घे, तेवढं तिच्या हातात आहे.

आता नियम. रिझर्व्ह बँकेनं २० सप्टेंबर २०१९ रोजी फसलेल्या व्यवहारांसाठी एक परिपत्रक काढलं, ते १५ ऑक्टोबर २०१९ पासून लागू झालं. आयएमपीएस किंवा यूपीआयनं पाठवलेले पैसे पाठवणाऱ्याच्या खात्यातून गेले आणि घेणाऱ्याच्या खात्यात पोचले नाहीत, तर ते व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत आले पाहिजेत. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. एटीएममधून नोटा आल्या नाहीत पण खात्यातून रक्कम वजा झाली, तर मुदत पाच दिवसांची, पुढे तेच १०० रुपये. हे दिवस कॅलेंडरचे, कामकाजाचे नव्हेत. तू रविवारी पाठवलेस, सोमवारपर्यंत परत यायला हवे होते, म्हणजे मंगळवारपासून तुझे रोजचे १०० रुपये चालू आहेत. आणि त्या परिपत्रकातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ही, की ग्राहकानं तक्रार करण्याची वाट न पाहता बँकेनं भरपाई स्वतःहून खात्यात टाकायची आहे. म्हणजे तू मागते आहेस ती मेहेरबानी नव्हे. न मागता मिळायला हवी होती, ती तुला मागावी लागते आहे.

एनईएफटीचा हिशेब वेगळा असतो, तोही माहीत असू दे. तिथे व्यवहार अर्ध्या अर्ध्या तासाच्या गठ्ठ्यांनी चालतात, आणि रक्कम जमा होत नसेल तर गठ्ठा पूर्ण झाल्यापासून दोन तासांत परत पाठवायची असते. उशीर झाला तर रेपो दरावर दोन टक्के अधिक धरून व्याज. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालते, त्यामुळे "मध्ये रविवार आला" हे कारण कोणी देऊ लागलं तर ऐकून घेऊ नकोस.

अर्ज उद्याच लिही. मराठीत लिहिलास तरी चालेल. विशेषणं नकोत, "अत्यंत मनस्ताप" वगैरे नको. तारखा आणि आकडे बोलतात. साधारण असा:

"माझ्या बचत खात्यातून अमुक तारखेला अमुक वाजता आयएमपीएसद्वारे रु. ४२,०००/- वजा झाले. व्यवहाराचा संदर्भ क्रमांक अमुक. ही रक्कम लाभार्थीच्या खात्यात आजपर्यंत जमा झालेली नाही व मला परतही मिळालेली नाही. लाभार्थीच्या खात्याचा उतारा सोबत जोडला आहे. मूळ रक्कम आणि रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार प्रतिदिन रु. १००/- भरपाई माझ्या खात्यात जमा करावी. व्यवहार यशस्वी झाला असे बँकेचे म्हणणे असल्यास रक्कम कोणत्या खात्यात, कोणत्या दिवशी जमा झाली हे लेखी कळवावे."

शेवटचं वाक्य वगळू नकोस. "आमच्याकडून यशस्वी दिसतंय" या एका उत्तरावर अर्ध्याहून जास्त तक्रारी मरताना मी पाहिल्या आहेत. कुठे जमा झाले ते सांगा म्हटलं की कोणाला तरी खरोखर शोधावं लागतं. संदर्भ क्रमांक आयएमपीएसला बारा आकडी असतो. एसएमएसमध्ये नसेल तर ॲपच्या व्यवहार तपशिलात सापडेल. आणि ताईला तिच्या बँकेत जाऊन तोच क्रमांक घालून एक साधा अर्ज देऊ दे, की ही रक्कम माझ्या खात्यावर आली आहे का, कुठे अडकून पडली आहे का. मुख्य तक्रार मात्र तुझ्या बँकेकडेच. पैसे तुझ्या खात्यातून गेले आहेत, जबाबदारीनं उत्तर तिनंच द्यायचं. ती "समोरच्या बँकेला विचारा" म्हणाली तर तेही लेखी माग.

शाखेत अर्जाची एक प्रत देऊन दुसरीवर पोच घे, आणि तोच मजकूर बँकेच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर टाकून तक्रार क्रमांक मिळव. दोन्ही कर. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलं पण पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचे लोकपाल आहेत. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी पूर्वीच्या तीन वेगवेगळ्या लोकपाल योजना एकत्र करून एकच योजना केली, त्यामुळे कोणतं कार्यालय आपलं हे शोधावं लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर तक्रार भरायची, शुल्क नाही, वकील नको. अडचण आली तर १४४४८ या क्रमांकावर मराठीतही माहिती मिळते. पण आधी बँकेकडे लेखी तक्रार केली होती याचा पुरावा नसेल, तर लोकपालांकडचा अर्ज दारातच परत येतो. म्हणून पोचपावतीचा मी इतका जप करतो आहे. (तुझ्या शेजारच्या काकूंचे पैसे पतसंस्थेत आहेत असं ऐकलं. त्यांना हा मार्ग लागू नाही. पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली येत नाहीत, त्यांची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकांकडे जाते.)

एका गोष्टीची मला खरी भीती वाटते. बँकेचा फोन नंबर गुगलवर शोधू नकोस, आणि चिडून आपली तक्रार खाते क्रमांकासकट समाजमाध्यमांवर टाकू नकोस. अडकलेल्या पैशांची तक्रार दिसली की काही मिनिटांत "बँकेतून बोलतोय, रिफंड करून देतो" असे फोन सुरू होतात. गोड बोलतात, तुझं नाव घेतात, एखादं ॲप डाउनलोड करायला किंवा ओटीपी सांगायला लावतात, आणि राहिलेलं खातंही धुऊन नेतात. पैसे परत देण्यासाठी बँकेला तुझा ओटीपी किंवा पिन कधीही लागत नाही. नंबर पासबुकावरचा किंवा कार्डाच्या मागचा घ्यायचा. चुकून असं काही घडलंच, तर लाजून तासभरही थांबू नकोस, लगेच १९३० ला फोन कर आणि बँकेला कळव. पैसे पुढच्या खात्यातून बाहेर पडायच्या आत गोठवता आले तरच वाचतात.

तू ताईचा खाते क्रमांक बरोबर टाकला होतास ना, तेही एकदा ताडून बघ. कारण पैसे चुकीच्या पण वापरात असलेल्या खात्यात जाऊन बसले असतील तर प्रकरण वेगळं. बँका नावावरून नव्हे, खाते क्रमांकावरून रक्कम जमा करतात, आणि त्या खातेदाराच्या संमतीशिवाय त्याच्या खात्यातून परत काढू शकत नाहीत. तरीही हक्क जात नाही. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७२ सांगतं, की चुकून मिळालेले पैसे परत करणं बंधनकारक आहे. अशा वेळी अर्जात चूक स्पष्ट मान्य करून बँकेमार्फत त्या खातेदाराशी संपर्क साधायची मागणी करायची. यापुढे नवीन खात्यावर एनईएफटी किंवा आरटीजीएस करताना नाव पडताळून बघ. १ एप्रिल २०२५ पर्यंत सगळ्या बँकांनी ही सोय द्यावी असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलं होतं.

तू शिकलेली आहेस, तुझ्या हातात फोन आहे, दोन वेळा शाखेत जायला रजा मिळते. गावाकडे पेन्शनीच्या दोन हजारांसाठी ज्या म्हाताऱ्या बायका काउंटरवरून "नंतर या" ऐकून परत जातात, त्यांच्याकडे यातलं काहीच नसतं. तुझ्यासारख्यांनी हिशेबाच्या कडेला पडलेले पैसे सोडून दिले की बँकेतल्या कोणाला काही बिघडलंय हेही कळत नाही. हे मी बँकेच्या आतून सांगतो आहे. तक्रारींची नोंद वरपर्यंत जाते, आणि नोंद वाढली तरच दुरुस्तीवर माणूस बसवला जातो.

बहुधा काही दिवसांत तुला "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे" असा एसएमएस येईल. तो आला की आधी खातेउतारा उघड. मूळ रक्कम आणि भरपाई अशा दोन वेगळ्या नोंदी दिसल्या पाहिजेत. फक्त बेचाळीस हजार दिसले, तर त्याच तक्रार क्रमांकाचा हवाला देऊन पुन्हा लिही, आणि त्या पत्राची प्रत मला पाठव.

तुझा,
मामा