आतड्याची चिठ्ठी आणि रक्तातील साखर



उसाची लागण, उतारा आणि दर याविषयी या अंकातून आपण नेहमी वाचता. आज जरा वेगळ्या साखरेविषयी बोलू. ती म्हणजे आपल्या रक्तातील साखर. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेली देशव्यापी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजाप्रमाणे आपल्या देशात १० कोटींवर लोकांना मधुमेह आहे. “हे शहरातल्या बसून खाणाऱ्यांचं दुखणं, आपण राबणारी माणसं” असे म्हणून आता भागणार नाही. साखर पिकविणाऱ्याने तरी या विषयाकडे पाठ फिरवू नये.

मधुमेह म्हटला की स्वादुपिंड आणि त्यातून निघणारे इन्सुलिन एवढेच आपण ऐकतो. ते खरेच आहे. पण स्वादुपिंडाला कामाला लावणारा एक मोठा हुकूम आतड्यातून सुटतो आणि त्या हुकमात आतड्यातील जंतूंचाही हात असतो. ते कसे, हे आजच्या पाठात पाहू.

१. चिठ्ठी कोण पाठवते?

फडाची पाहणी करून चिटबॉय वर्दी देतो, तोडणीची चिठ्ठी निघते आणि मग गव्हाणीवर ऊस येतो. आगाऊ वर्दी नसेल तर सगळाच घोटाळा. शरीरातही अशीच व्यवस्था आहे.

१९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोन शास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. आतड्याच्या एका भागाच्या मज्जातंतू तोडल्या आणि तेथे आम्ल सोडले. मज्जातंतूंचा संबंध नसतानाही स्वादुपिंडातून पाचक रस वाहू लागला. म्हणजे निरोप तारेने गेला नव्हता, रक्तातून गेला होता. रक्तातून जाणाऱ्या अशा निरोप्यांना पुढे हार्मोन हे नाव मिळाले. मराठीत आपण त्यांना संप्रेरके म्हणतो.

१९६४ साली लंडनमध्येच आणखी एक गोष्ट दिसली. शिरेतून ग्लुकोज दिले तर इन्सुलिन थोडे निघते. तेच नळीने आतड्यात सोडले तर पुष्कळ जास्त निघते. निरोगी माणसाने ग्लुकोज तोंडाने घेतले, तर त्यानंतर निघणाऱ्या इन्सुलिनपैकी निम्मे किंवा त्याहून अधिक आतड्याच्या या चिठ्ठीमुळे निघते. प्रौढपणी होणाऱ्या नेहमीच्या मधुमेहात, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात, या चिठ्ठीचा जोर कमी पडतो.

अशा चिठ्ठ्या मुख्यत्वे दोन. एक जीआयपी, ती लहान आतड्याच्या वरच्या भागातून सुटते. दुसरी जीएलपी-१. तिच्या पेशी आतड्याच्या खालच्या भागात दाट असतात. १९८७ साली बोस्टन आणि कोपनहेगन येथील संशोधकांनी जीएलपी-१ इन्सुलिन वाढवते हे दाखवून दिले. ही चिठ्ठी चार कामे करते. रक्तात साखर चढलेली असेल तेव्हाच इन्सुलिन वाढवते, साखर वाढविणाऱ्या ग्लुकॅगॉनला आवर घालते, जठरातील अन्न सावकाश पुढे सोडते आणि “आता पुरे” असे मेंदूला कळविते. मात्र तिचे आयुष्य फार थोडे. शरीरातील एक विकर ती मिनिटा-दोन मिनिटांत तोडून टाकते.

हल्ली डॉक्टर ज्या “ग्लिप्टिन” जातीच्या गोळ्या लिहून देतात, त्या या तोडणाऱ्या विकरालाच अडवितात. सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शने म्हणजे लवकर न तुटणारी चिठ्ठीच.

२. पाटाचे हेड आणि टेल

आपले लहान आतडे सुमारे २० फूट लांब, मोठे ५ फुटांच्या आसपास. चहातील साखर, शीतपेय, मैद्याची बिस्किटे हा माल वरच्या भागातच शोषला जातो. पाटाचे पाणी हेडलाच मुरावे आणि टेलचा शेतकरी कोरडा राहावा, तसेच हे. रक्तात साखर एकदम चढते आणि खालच्या भागाला काही पोचत नाही.

टेलपर्यंत पोचतो तो चोथा. धान्याचा कोंडा, कडधान्यांची साले, भाज्यांचे तंतू. हे आपल्याला पचत नाहीत, म्हणून पूर्वी त्यांना निरुपयोगी समजत. पण मोठ्या आतड्यात त्यांची वाट पाहणारे असतात.

३. पाचट कुजविणारे जंतू

माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जंतू असतात, असा हिशेब शास्त्रज्ञांनी २०१६ साली मांडला. त्यांपैकी बहुतेक मोठ्या आतड्यात. हे सगळेच रोगजंतू नव्हेत. रानातील पाचट जाळू नका, कुजवा, असे आपण ऐकतो ते कशासाठी? पाचट हे जमिनीतील जंतूंचे अन्न आहे म्हणून. चोथा हे आतड्यातील जंतूंचे पाचट समजा.

जंतू चोथा आंबवितात आणि त्यातून ऍसिटेट, प्रोपियोनेट व ब्युटिरेट ही छोटी मेदाम्ले तयार होतात. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तराचे जळण. शिवाय ही आम्ले जीएलपी-१ च्या पेशींना चेतवितात, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. थोडक्यात, चोथा गेला की जंतू जागे, जंतू जागे की चिठ्ठीला जोर.

४. माणसांवर काय दिसले?

शांघाय येथील मधुमेही रुग्णांवरील एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला भरपूर आणि तऱ्हतऱ्हेचा चोथा असलेला आहार, दुसऱ्याला नेहमीचा पथ्याचा सल्ला. गोळी दोघांनाही एकच. ८४ दिवसांनंतर तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ७ टक्क्यांच्या खाली आलेले लोक पहिल्या गटात ८९ टक्के होते, दुसऱ्यात ५० टक्के. अभ्यास लहान होता, रुग्ण अवघे ४३. तरी दिशा स्पष्ट आहे.

ॲमस्टरडॅममध्ये दुसरा प्रयोग झाला. सडपातळ माणसांचे आतड्यातील जंतू स्थूल पुरुषांच्या आतड्यात सोडले. सहा आठवड्यांनी इन्सुलिनचा गुण वाढला, पण अठरा आठवड्यांनी तो लाभ उरला नाही. शेतकऱ्याला यात नवल वाटायला नको. जिवाणू खत टाकले, पण रानात सेंद्रिय माल नसेल तर ते टिकणार कशावर? बी नुसते टाकून भागत नाही, त्याला रोज खाऊ घालावे लागते.

५. आपल्या घरात काय करता येईल?

(अ) उसाच्या पट्ट्यात घरची ज्वारी-बाजरी आणि कडधान्ये मागे पडली, दुकानचा तांदूळ व मैदा पुढे आला. बांधाला, आडसाली उसात आंतरपीक म्हणून घरापुरते तरी कडधान्य घ्यावे. मटकी, हुलगा, हरभरा यांची उसळ रोज एका जेवणात असावी.

(आ) पीठ फार चाळू नये. कोंडा जनावरांना आणि मैदा माणसांना, हा उलटा व्यवहार आहे.

(इ) जेवताना आधी भाजी-उसळ, मग भाकरी किंवा भात. मधुमेहींमध्ये या क्रमाने जेवणानंतरची साखर कमी चढते असे दिसून आले आहे. पण भाकरीतही पिठूळ अन्न आहेच. “ज्वारीची आहे, चालतंय” म्हणून चार खाऊ नयेत.

(ई) फळ चावून खावे, पिळून पिऊ नये. उसाच्या २०० मिलिलीटर निव्वळ रसात सुमारे ३० ग्रॅम साखर असते आणि चोथा चरकातच राहिलेला असतो. गूळही मुख्यत्वे साखरच. मधुमेह्याला साखर बंद आणि गूळ मोकळा, हा समज सोडावा.

(उ) चोथा हळूहळू वाढवावा. एकदम वाढविला तर पोट फुगते. पाणी पुरेसे प्यावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी कडधान्ये वाढविण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

६. सावधान

हे वाचून कोणीही गोळी किंवा इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नये. उसळ औषधाला मदत करते, औषधाची जागा घेत नाही. आहार बदलल्यावर साखर तपासून घ्यावी. जरूर तर डॉक्टरच मात्रा कमी करतील. गोळी घेऊन उपाशीपोटी रानात गेल्यावर घाम सुटला, हातपाय थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर साखर उतरली असे समजावे आणि ताबडतोब तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. पाण्याच्या पाळीला रात्री जाणाऱ्या मधुमेही सभासदांनी खिशात साखरेची पुडी ठेवावीच.

उजळणीसाठी प्रश्न

१) तोंडाने घेतलेल्या ग्लुकोजने इन्सुलिन जास्त का निघते?
२) पाचट आणि चोथा यांत साम्य काय?
३) आपल्या घरात काल दिवसभरात उसळ किती वेळा झाली?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर घरच्या मंडळींना विचारून द्यावे. आणि चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक सभासदाने, सभासदाच्या पत्नीनेही, या हंगामाची धांदल सुरू होण्यापूर्वी एकदा रक्त तपासून घ्यावे.