पट्ट्यावर दोघांची नावे



या अंकाचा पाठ: गणना 27. भाऊ नसलेल्या सलाफहादाच्या पाच मुलींनी मोशेपुढे उभे राहून बापाच्या वतनात वाटा मागितला, आणि तो त्यांना मिळाला.

आपल्या रायगडात कातकरी पूर्वी खैराचा कात काढत. लग्नात देज मुलाकडून मुलीच्या घरी जाई. विधवेला पुन्हा संसार मांडता येई. 1878 च्या वन कायद्याने जंगलावर बंधने आली, कालांतराने वीटभट्टी नशिबी आली. तिथे नवरा-बायको ‘जोडी’ म्हणून राबतात, पण उचल नवऱ्याच्या हाती पडते.

2006 च्या वनहक्क कायद्यानुसार विवाहितांचा पट्टा दोघांच्या नावे व्हायला हवा. तरीही पेणजवळच्या एका वाडीवर दळीच्या जमिनीचा अर्ज भरताना मी फक्त नवऱ्याचे नाव लिहिले. शेजारी बसलेली त्याची बायको म्हणाली, “ताई, दळी दोघांनी फोडली. माझं नाव कुठं हाय?”

मी खजील झाले. अर्ज नव्याने लिहिला. मोशेने निदान त्या मुलींचे गाऱ्हाणे देवापुढे नेले होते. मी तर विचारलेही नव्हते.

विचार करा: आपल्या घराच्या कागदावर कोणाचे नाव आहे?