अहिपूतना व झिंक ऑक्साइड : चिकित्सा आणि प्रतिबंध

डायपरखालील त्वचेचा दाह हा नित्य व्यवहारातील व्याधी होय. तो किरकोळ मानला जातो, म्हणूनच त्याच्या चिकित्सेत चुका अधिक होतात. प्रस्तुत लेखात झिंक ऑक्साइडच्या मलमाचा शास्त्रशुद्ध उपयोग व त्याच्या मर्यादा यांचा विचार केला आहे.

व्याधिपरिचय
सुश्रुताचार्यांनी क्षुद्ररोगांत अहिपूतनेचे वर्णन केले आहे. मलमूत्राने लिप्त गुदभाग न धुतल्याने, तसेच घामेजलेल्या बालकास स्नान न घातल्याने रक्तकफज कंडू उत्पन्न होते. खाजविल्याने स्फोट, स्राव व पुढे व्रण होतो. आधुनिक विवेचन याच्याशी जुळते. ओलाव्याने त्वचा मऊ पडते, मूत्रापासून होणाऱ्या अमोनियाने तिची क्षारता वाढते, त्यामुळे मलातील प्रोटीएज व लायपेज ही एन्झाइम अधिक क्रियाशील होतात आणि घर्षणाने त्वचा सोलवटते.

झिंक ऑक्साइडचे कार्य
भावप्रकाशात यशद कषाय, तिक्त, शीत व कफपित्तहर सांगितले आहे. झिंक ऑक्साइड पाण्यात विरघळत नाही. त्वचेवर त्याचे पटल राहते, मलमूत्राचा स्पर्श टळतो आणि सौम्य स्तंभन होते. अर्थात, केवळ घटकसाम्यावरून चिकित्सालयात यशदभस्म मलमात कालवून सोललेल्या त्वचेवर लावू नये. प्रमाणित मलमच वापरावे.

उपयोगाची रीत
१) दर दोन-तीन तासांनी व शी होताच डायपर बदलावा.
२) कोमट पाण्याने धुऊन मऊ सुती कापडाने टिपावे, घासू नये. त्रिफळा, बोर व खदिर यांचा सुश्रुतोक्त कषाय वापरायचा असल्यास तो गाळलेला व कोमट असावा.
३) दहा-पंधरा मिनिटे त्वचा उघडी ठेवावी.
४) मलमाचा जाड थर द्यावा. पुढील वेळी मळलेला थर तेवढा तेलाच्या बोळ्याने पुसावा. सर्व मलम खरवडून काढल्यास नवी त्वचा दुखावते.
५) प्रतिबंधासाठी रात्री, अतिसारात व प्रतिजैविके चालू असताना पातळ थर पुरतो.

औषधविक्रेत्यांसाठी
नावात ‘झिंक’ आहे म्हणून सर्व मलमे सारखी नसतात. बाजारातील मलमांत झिंक ऑक्साइडचे प्रमाण साधारण १० ते ४० टक्के असते. झिंक व एरंडेलाच्या ब्रिटिश फार्माकोपियातील मलमात ते ७.५ टक्के आहे. लासर पेस्टमध्ये सॅलिसिलिक आम्लही असते. ती तान्ह्या बालकास देऊ नये. बोरिक पावडर व टाल्क टाळावे. आपल्याकडे वेखंडाची पूड बाळास लावण्याची प्रथा आहे. ती सोललेल्या त्वचेवर कदापि लावू नये. अहिपूतनेच्या सुश्रुतोक्त लेपात तुत्थ व हरताळ आहेत. हरताळ हे आर्सेनिकाचे संयुग असल्याने आज तो लेप बालकांत योजू नये.

एक अनुभव
काही वर्षांपूर्वी सहा महिन्यांची एक बालिका माझ्याकडे आणली गेली. चिठ्ठीविना घेतलेले, स्टेरॉइड, प्रतिजैविक व बुरशीनाशक एकत्र असलेले मलम तीन आठवडे लावले जात होते. लावले की लाली मावळे, थांबविले की दुप्पट होई. जांघेची त्वचा पातळ व चकचकीत झाली होती, घड्यांत लाली आणि भोवती बारीक पुटकुळ्या होत्या. डायपरच्या आवरणाखाली स्टेरॉइडचे शोषण वाढते, हे त्या मातेस कोणी सांगितलेच नव्हते. बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने ते मलम बंद करून केवळ बुरशीनाशक व त्यावर झिंक ऑक्साइड दिले. त्वचा हळूहळू पूर्ववत झाली. मलम देणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, एक प्रश्न विचारणे मात्र राहिले होते : “घड्यांतही लाली आहे का?”

केव्हा पाठवावे
साध्या दाहात जांघेच्या घड्या बहुधा सुटतात. घड्यांसह गडद लाली व भोवती पुटकुळ्या असल्यास कँडिडा बुरशीचा संशय घ्यावा. तेथे एकटे झिंक ऑक्साइड अपुरे पडते. तीन दिवसांत उतार न पडल्यास, तसेच पू, फोड वा ज्वर असल्यास बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. गुदाबरोबर मुखाभोवतीही चट्टे, अतिसार व केस गळणे आढळल्यास शरीरातीलच जस्ताच्या न्यूनतेचा विचार करावा. तेथे बाह्य लेपाने कार्यभाग होत नाही.

उपसंहार
निदानपरिवर्जन हीच येथे मुख्य चिकित्सा. मलम तिचे साहाय्यक आहे. मलमाची नळी हाती देताना ती वापरण्याची रीतही मातेस सांगणे, हे वैद्य व विक्रेता या दोघांचेही कर्तव्य होय.