रवणाची कोंबडी आणि तिसरीचा वर्ग



बेणे, खते, पाणी यांबद्दल आपण नेहमीच बोलतो. आज थोडे पोरांच्या अभ्यासाचे. ‘प्राण्यांचे जीवनचक्र’ हा धडा फळ्यावर चार बाण काढले की संपतो. खुराडे मात्र आपल्या दारातच असते.

आमच्या वाडीवरच्या शाळेसाठी आम्ही घरची खुडूक कोंबडी रवणाला बसवली. घाईत अंडी दुकानातून आणली. 21 दिवस बिचारी बसून राहिली, एक पिल्लू निघाले नाही. पोरांची तोंडे बघवेनात. चूक आमचीच. अंड्यांच्या पोल्ट्रीत कोंबडा ठेवत नाहीत. अंडे पडते, पण त्यात जीव धरत नाही. डोळा नसलेली कांडी लावावी, तसलाच प्रकार! गुरुजींनी त्याचाच धडा केला, हे बरे झाले.

दुसऱ्या खेपेला कोंबडा असलेल्या घरची, आठवड्याच्या आतली 12 गावरान अंडी घेतली. पाटीत कोरडे पाचट घालून मंगळवारी सांजच्याला कोंबडी बसवली. 21 दिवस म्हणजे बरोबर तीन आठवडे, तेव्हा पिल्ले मंगळवारीच निघायची. शनिवारी-रविवारी बसवाल तर शाळेला कुलूप असताना निघतील!

सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत बॅटरीवर अंडी धरली. आत तांबड्या शिरांचे जाळे दिसले, तशी पोरे गप्पच झाली. दोन अंडी कोरी होती, ती काढली. अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावायचा नाही. विसाव्या दिवशी आतून चिवचिव ऐकू आली. पिल्लाच्या चोचीवर बारीक टोचा असतो, त्याने ते कवच फोडते. पुढे तो गळून पडतो. एक पोरगी कवच सोलायला धावली, तिला आवरले. आतल्या पापुद्र्यात तेव्हा रक्त खेळत असते, सोलले तर पिल्लू दगावते.

नऊ निघाली. एक आतच मेले. ते पोरांपासून लपवू नये असे माझे मत आहे. त्यांनी विचारले, गुरुजींनी सांगितले, परसात पुरले.

मग कुणीतरी उसातल्या खोडकिडीचे विचारले. तिच्या अंड्यातून पतंग का निघत नाही, अळी का निघते? कोंबडीचे पिल्लू कोंबडीसारखेच, किडीला मात्र मध्ये अळी आणि कोष. हे पोरांनी स्वतःच ताडून पाहिले.

पिल्ले हाताळल्यावर साबणाने हात धुवायला लावा. आणि ती कुणाच्या खुराड्यात जाणार, ते अंडी बसवण्याआधीच ठरवा. आमच्याकडे त्यावरून दोन घरांत चार दिवस अबोला होता.