लेकरांसाठी खेळायची कणीक

गटाच्या बैठकीत हिशोब चालू असतो आणि तेवढ्यात कुणाचं तरी लेकरू पदर ओढायला लागतं. मग त्याच्या हातात मोबाईल येतो. पुढच्या बैठकीला त्याऐवजी कणकेचा डबा नेऊन बघा.

एका लेकरापुरतं 1 वाटी गव्हाचं पीठ, अर्धी वाटी बारीक मीठ आणि 1 चमचा तेल घ्या. कोमट पाणी साधारण अर्धी वाटी लागतं, पण ते थोडं थोडं घाला. पोळीच्या कणकेपेक्षा जरा घट्ट मळा. हळद घातली की पिवळा रंग येतो, पाण्याऐवजी बीटाचा रस घातला की गुलाबी. रंगपंचमीचा रंग किंवा कुंकू मात्र नको, पोरांची बोटं तोंडात जातातच. ज्वारीचं पीठही घेऊ नका. त्याला गव्हासारखा चिकटपणा नसतो, लगेच भेगा पडतात.

एवढं मीठ कशाला? लोणचं मिठानं टिकतं ना, तसंच. घट्ट झाकणाच्या डब्यात कणीक चार-पाच दिवस चालते. वास आला किंवा बुरशी दिसली की टाकून द्या, पण जनावरांना, कोंबड्यांना, कुत्र्याला घालू नका. इतकं मीठ त्यांना बाधतं. लेकरानंही ती खायची नाही. तीन वर्षांच्या आतलं पोर असेल तर जवळ बसा, आणि त्याला कणकेत खोचायला हरभरे, शेंगदाणे देऊ नका. नाकात, घशात अडकतात.

“अन्नाशी कसला खेळ?” असं घरातली म्हातारी माणसं म्हणतील. त्यांचं चुकत नाही, दुष्काळ त्यांनी बघितलाय. म्हणून ताजं दळण वापरू नका. पोरकिडे झालेलं, पण बुरशी नसलेलं जुनं पीठ चाळून घ्या. तेही नसेल तर माती आहेच. पोळ्याला आपण मातीचे बैल करतोच की! फक्त आपली काळी माती वाळली की तडकते, आणि गावात ती स्वच्छ मिळेलच असं नाही.

ही काही शहरातली हौस नाही. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी सुरू केली. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. महागड्या साहित्यापेक्षा गावात मिळणाऱ्या वस्तूंवरच त्यांचा भर होता.

तीन वर्षांच्या पोराला पाटी-पेन्सिल देऊन “अ काढ” म्हणू नका. बोटांत अजून जोर नसतो. कणीक दाबताना, वळताना, चिमटीनं तोडताना तो येतो. त्याला लाडू वळू द्या, साप लांबवू द्या, चार मणी करून मोजू द्या. बैलाला पाच पाय झाले तरी दुरुस्त करू नका. “हा कुठं चाललाय?” असं विचारा, पोरगं बोलायला लागतं. आणि पोळी लाटायला मुलगा बसला तर त्यालाही बसू द्या.

दिवाळीनंतर कोयत्यावर जाणाऱ्या बायांना खास सांगणं आहे. लेकरू आजीजवळ ठेवणार असाल तर निघायच्या आधी एकदा आजीसमोर कणीक मळून दाखवा. वाटीचं माप आणि मिठाची गोष्ट तिला नीट सांगा. लेकरू सोबत नेणार असाल तर कोपीवरही डबा न्या. फक्त तो उन्हात ठेवू नका, आणि झाकण लावायला विसरू नका.